दिवाळखोरीपूर्वीचे क्रेडिट कौन्सेलिंग: त्या एका तासाचा पुरेपूर उपयोग कसा करावा

अमेरिकेत वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करायचा असेल, तर त्याआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट कौन्सेलिंग, म्हणजे कर्ज आणि खर्चाबद्दलचे समुपदेशन, घेणे २००५ च्या कायदेबदलापासून बंधनकारक आहे. कर्जाने थकलेला माणूस याकडे आणखी एक सरकारी सोपस्कार म्हणून पाहतो, अंदाजाने आकडे भरतो आणि प्रमाणपत्र हाती पडले की सुटकेचा नि:श्वास टाकतो. ते समजण्यासारखे आहे. तरीही हा तास वाया जाऊ देऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण वसुली करणारे, नवे कर्ज देऊ पाहणारे आणि कर्ज ‘मिटवून देतो’ म्हणणारे यांच्या गर्दीत, तुमच्या निर्णयावर ज्याचे कमिशन अवलंबून नाही असा माणूस इथे भेटतो. समुपदेशनातून काय निष्पन्न झाले त्यावर समुपदेशकाला कमिशन किंवा बोनस देण्यास कायद्यानेच मनाई आहे.

संस्था निवडताना जाहिरातीवर विसंबू नये. अमेरिकी न्याय विभागाचा ‘यूएस ट्रस्टी प्रोग्राम’ मान्यताप्राप्त संस्थांची यादी जिल्हानिहाय प्रसिद्ध करतो (अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांत हे काम बँकरप्सी ॲडमिनिस्ट्रेटर पाहतात). तुम्ही जिथे अर्ज करणार, त्या न्यायालयीन जिल्ह्यासाठी संस्थेला मान्यता आहे ना, हे आधी पाहावे. इंग्रजी सफाईने येत नसेल तर कोणत्या भाषांत बोलता येते तेही विचारावे. पैशांबद्दलचे अवघड प्रश्न अर्धवट समजणाऱ्या भाषेत सोडवू नयेत. शुल्क सहसा ५० डॉलरपर्यंत असते, आणि कुटुंबाचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास ते माफ होऊ शकते. ही माफी मागण्यात संकोच करण्यासारखे काहीच नाही.

खरे काम मात्र सत्राच्या आधीचे असते. पगाराच्या पावत्या, बँकेची विवरणे, प्रत्येक धनकोचे नाव, थकीत रक्कम आणि व्याजदर समोर ठेवावेत. महिन्याच्या खर्चाचा आकडा मनाने न सांगता गेल्या तीन महिन्यांच्या विवरणांवरून काढावा, आणि वर्षातून एक-दोनदाच येणारे खर्च, म्हणजे वाहनाची दुरुस्ती, विम्याचा हप्ता, दाताचा उपचार, बारांनी भागून त्यात धरावेत. अंदाजपत्रक बहुधा याच खर्चांनी कोलमडते. नातेवाइकांकडून घेतलेले उसने पैसे लाजेपोटी लपवले जातात. तेही सांगावेत, कारण पुढे न्यायालयात शपथेवर सर्व कर्जे दाखवावी लागतातच.

सत्र साधारण तास-दीड तासाचे असते आणि ते प्रत्यक्ष, फोनवर किंवा इंटरनेटवर घेता येते. निवड हाती असेल तर मी फोन किंवा प्रत्यक्ष भेट सुचवीन, कारण पडद्यावरचा फॉर्म उलट प्रश्न विचारत नाही. समुपदेशक कर्ज व्यवस्थापन योजना सुचवू शकतो. त्यात संस्थेमार्फत दरमहा एकच हप्ता भरून, बहुधा तीन ते पाच वर्षांत, क्रेडिट कार्डासारखी विनातारण कर्जे फेडली जातात. ती स्वीकारण्याची सक्ती नाही. मात्र योजना तयार झाली असेल तर तिची प्रत न्यायालयात सादर करावी लागते. अशा वेळी स्पष्ट विचारावे: हा हप्ता माझ्या पगारातून खरोखर निघेल का? एखादा हप्ता चुकला तर काय होईल? संस्थेला पैसा कुठून मिळतो, आणि क्रेडिट रिपोर्टवर याचा काय परिणाम होईल? शेवटच्या दोन बाबी उघड करणे संस्थेवर बंधनकारक आहे. चॅप्टर ७ (विकण्याजोगी मालमत्ता असल्यास ती विकून कर्जमुक्ती) की चॅप्टर १३ (न्यायालयाच्या देखरेखीखाली हप्त्यांनी फेड), घर वाचेल का, अशा कायद्याच्या प्रश्नांची उत्तरे समुपदेशक देऊ शकत नाही. ते प्रश्न वकिलासाठी लिहून ठेवावेत.

पती-पत्नी एकत्र अर्ज करणार असतील, तर दोघांनाही वेगवेगळे प्रमाणपत्र लागते. अर्जापूर्वी समुपदेशन झालेच नसेल तर प्रकरण फेटाळले जाऊ शकते, आणि वर्षभराच्या आत पुन्हा अर्ज केल्यास, अर्ज दाखल होताच वसुलीवर आपोआप लागू होणारी स्थगिती, न्यायालयाने वाढवून दिली नाही तर, सहसा ३० दिवसांपुरतीच टिकते. घराचा लिलाव तोंडावर आलेल्या कुटुंबासाठी हा फरक फार मोठा आहे.

अर्जानंतर आर्थिक व्यवस्थापनाचा दुसरा अभ्यासक्रम असतो, आणि पहिले प्रमाणपत्र त्यासाठी चालत नाही. पहिल्या सत्रासाठी केलेले अंदाजपत्रक तिथे सोबत ठेवावे आणि मधल्या काळात ते कुठे चुकले यावरच प्रश्न विचारावेत. चॅप्टर ७ मध्ये धनकोंच्या बैठकीसाठी प्रथम ठरलेल्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत या अभ्यासक्रमाची नोंद न्यायालयात पोहोचावी लागते. ती पोहोचली नाही तर कर्जमुक्तीचा आदेश न मिळताच प्रकरण बंद होऊ शकते, आणि ते पुन्हा उघडून घेण्यासाठी सहसा वेगळे शुल्क भरावे लागते.