आखाड्यावरची टाकी भरली की विहिरीवरची मोटार बंद, राउटरशिवाय

आखाडा आणि विहीर यांत दोनशेक मीटर अंतर असेल, तर राउटर, सिमकार्ड, इंटरनेट काहीच लागत नाही. ईएसपी ३२ (वायफाय असलेला, प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड) चे दोन बोर्ड ‘ईएसपी-नाऊ’ या बिनराउटरच्या रेडिओ पद्धतीने थेट एकमेकांशी बोलतात. बोर्ड घेताना बाहेरचा अँटेना लागणारा, व्रूम-३२यू मॉड्यूलचा घ्या.

दोन्ही बोर्ड स्टेशन मोडमध्ये चालू करा, संगणकावरच्या सिरियल मॉनिटरवर मॅक पत्ते (प्रत्येक बोर्डाचा स्वतःचा क्रमांक) वाचा आणि डबीवर लिहून ठेवा. टाकीच्या बोर्डात विहिरीचा पत्ता ‘पिअर’ (जोडीदार) म्हणून घाला. चॅनल दोन्हीकडे एकच हवा, समजा १. एखादा बोर्ड घरच्या वायफायलाही जोडला की तो राउटरच्या चॅनलवर जातो, मग दुसऱ्याचं त्याला ऐकूच येत नाही. प्रोग्राम लिहायच्या अर्डुइनो सॉफ्टवेअरमध्ये ईएसपी ३२ कोअरची (बोर्डाच्या पॅकेजची) ३ ही आवृत्ती असेल तर जुन्या उदाहरणातलं निरोप घेणारं रिसीव्ह फंक्शन कंपाइल होणार नाही. त्याचा पहिला आर्ग्युमेंट बदलला आहे.

टेबलावर चाललेली जोडणी उसात बंद पडते. ओली पानं २.४ गिगाहर्ट्झचे संकेत खातात. शिवाय २०० मीटरवर लहरींना दोन अँटेन्यांमधल्या सरळ रेषेभोवती, मध्यभागी, दीड मीटर तरी मोकळी जागा लागते. ऊस १० फूट वाढणार असेल तर दोन्ही अँटेने १५ फूट उंचीवर बांधा. उन्हाळ्यात, रान रिकामं असताना घेतलेली चाचणी धरू नका.

टाकीत जागा असेपर्यंत फ्लोट स्विच जोडलेला राहील, भरली की तुटेल, असा लावा. वायर तुटली तरी मोटार बंदच होईल. टाकीत जागा आहे की नाही, हा निरोप टाकीकडून दर ५ सेकंदांनी जाऊ द्या. ‘पोहोचला’ अशी पावती फक्त रेडिओची असते, मोटार बंद झाल्याची नव्हे. म्हणून विहिरीकडच्या प्रोग्राममध्ये ३० सेकंद निरोप नाही तर रिले (बोर्डाने चालणारा स्विच) सोडायचा, हे घालाच.

रिलेचा ‘एनओ’ (एरवी उघडा राहणारा) संपर्क स्टार्टरच्या स्टॉप बटणासोबत सिरीजमध्ये येतो. स्टार्टरच्या कॉइलचा व्होल्टेज रिलेच्या संपर्काला चालतो, असं रिलेवर लिहिलेलं आहे का पाहा. मोटारीचा करंट त्यातून कधीच नेऊ नका. पेटीत ४०० व्होल्टच्या वर असतं, हे काम वायरमनकडूनच.

गावठाणचा आणि शेतीचा फीडर वेगळा असेल तर टाकीकडे लाईट नसताना विहिरीवर असते, आणि मोटार विनाकारण थांबते. टाकीच्या बोर्डाला बॅटरी द्या. शेवटी मोटार चालू असताना तीच बॅटरी काढून पाहा: अर्ध्या मिनिटात स्टार्टर पडला नाही तर जोडणी चुकली आहे.