जुना गोठा पावसाआधी असा सावरा

खानापूरकडचा पाऊस म्हणजे थट्टा नव्हे. गोठ्याचं काम अक्षयतृतीयेच्या आसपासच काढा. मिरगाला अजून वेळ आहे म्हणून बसलात की वळीव गाठतो. कौलं अर्धी उतरलेली आणि माळ्यावरची पिंजर भिजून चिंब, हे आमच्याकडं एकदा झालंय.

आधी मेढी, म्हणजे छपराचे लाकडी खांब, बघा. सागवान वरून ठणठणीत दिसतं, पण बुंध्याशी दाभण टोचायचं. सहज आत गेलं तर समजा वाळवीनं पोखरलंय. म्हणून अख्खी मेढ बदलू नका. शेजारी टेकू देऊन तुळईचा भार उचला, कुजलेला भाग कापा आणि खाली घडीव दगड बसवा. आमच्या एका मेढीवर दावं घासून घासून खाच पडलीय, बोट बसेल एवढी, गुळगुळीत. आजोबांच्या बैलांची. ती मेढ टाकवत नाही.

मग कौलं. एकेक वाजवा: खणखणलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला. उलटून छापही वाचा. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. कौलावर ते साल दिसलं म्हणून गोठा तेवढा जुना समजू नका, ते कारखान्याचं साल. मोडक्या रीपा आधी बदला, मग वळचणीकडून आढ्याकडं चढत कौलं लावा.

जमीन सारवताना गव्हाणीकडून मागं उतार ठेवा, मूत साचत नाही.

आणि पत्रा? शेजारी म्हणतात घालून मोकळा हो. भर उन्हाळ्यात त्याखाली म्हैस बांधून बघा म्हणावं.