अपुऱ्या बग रिपोर्टची छाननी करताना या चुका टाळा

बर्डीवरच्या डीटीपीच्या दुकानातून लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅमबद्दल तक्रार (बग रिपोर्ट) येते: ‘मराठी फाइल उघडली की जोडाक्षरं तुटतात.’ व्हर्जन नाही, फाँट नाही, फाइलही नाही. नागपुरात नव्यानं छाननीला बसलेली कॉलेजची मुलं अशा वेळी ‘अधिक माहिती द्या’ एवढंच लिहितात. नेमकी कोणती, हे दुकानदाराला कळत नाही आणि उत्तरच येत नाही.

नाव घेऊन मागा. हेल्प मेन्यूतल्या ‘अबाउट’मधली व्हर्जनची माहिती जशीच्या तशी चिकटवायला सांगा. फाँट कोणता, फाइल मुळात कोणत्या प्रोग्रॅममध्ये बनली, हेही विचारा. फाँटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फाँट संगणकावर नसला की मजकूर निरर्थक दिसतो. त्यात लिब्रेऑफिसचा दोष नाही. मंगल किंवा लोहित देवनागरीसारखा युनिकोड फाँट असेल, तर तीच ओळ दुसऱ्या युनिकोड फाँटमध्ये बघायला सांगा. एकाच फाँटमध्ये तुटली तर संशय फाँटवर. दोन्हींत तुटली तर लिब्रेऑफिस किंवा अक्षरजुळणी करणारं हार्फबझ तपासायचं. लिब्रेऑफिसच्या 5.3 व्हर्जनपासून (2017) सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हार्फबझच आहे. त्याआधीचं व्हर्जन असेल तर आधी नवं टाकून बघायला सांगा.

नुसत्या स्क्रीनशॉटवर समाधान मानू नका. चित्रातून युनिकोड अक्षरांचा क्रम दिसत नाही. पण पूर्ण फाइलही मागू नका. बगझिलावर (बग रिपोर्ट नोंदवायच्या साइटवर) जोडलेली फाइल कुणीही उघडू शकतो, आणि दुकानातल्या फाइलींत गिऱ्हाइकांचे सातबारे, आधार क्रमांक असतात. तुटणारी एकच ओळ ठेवून, नावं बदलून, सेव्ह करून फाइल पुन्हा उघडायला सांगा. दोष तरीही दिसला पाहिजे.

दोन रिपोर्टचं शीर्षक सारखं म्हणून ते एकत्र करू नका. एकात पडद्यावर तुटतं, दुसऱ्यात फक्त पीडीएफमध्ये, असं सर्रास होतं.

सर्वांत जास्त नुकसान रिपोर्टच्या स्टेटसमुळे होतं. माहिती मागितली की ‘नीडइन्फो’ (माहिती हवी) हे स्टेटस लावतात. उत्तर आलं तरी ते तसंच राहतं, कारण ते बदलायचं असतं हे तक्रार करणाऱ्याला माहीत नसतं. केडीई या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात ‘नीड्सइन्फो’मधल्या रिपोर्टला हालचाल नसेल तर 15 दिवसांनी स्मरणपत्र जातं आणि 30 दिवसांनी तो बंद होतो. म्हणून लिब्रेऑफिसच्या रिपोर्टवर माहिती मागतानाच लिहा: ‘उत्तर दिल्यावर स्टेटस परत ‘अनकन्फर्म्ड’ करा.’ गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर हालचाल नसलेले इश्यू (तक्रारी) आपोआप बंद करणारी स्टेल अ‍ॅक्शन असते; तिची मूळ मुदत अशी: 60 दिवसांनी इश्यूवर ‘स्टेल’ खूण, त्यानंतर 7 दिवसांनी तो बंद. उत्तर देणं आपल्याकडे बाकी असलेले इश्यू त्यातून वगळायला वेगळं लेबल लावा आणि ते अ‍ॅक्शनच्या सूट-यादीत टाका.