प्रवाळाच्या कडेला आणि खोल निळ्या पाण्यात: भाल्याच्या मासेमारीचे साहित्य कसे निवडावे

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात पोहणे बहुधा विहिरीत सुरू होते. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मोठी माणसे मुलाला पाण्यात सोडतात, आणि दोन उन्हाळ्यांत तो मुलगा तळाचा दगड वर आणण्याच्या पैजा लावू लागतो. त्यामुळे श्वास रोखून बुडी मारणे आपल्याला नवीन नाही. नवीन असते ते समुद्राचे पाणी आणि त्यात लागणारे साहित्य. परदेशातील नोकरीच्या काळात मी इंडोनेशियाच्या समुद्रात स्पिअरफिशिंग, म्हणजे श्वास रोखून भाल्याने मासे मारणे, शिकलो. आता इकडची तरुण मुले भेटली की पहिला प्रश्न विचारतात, ‘कोणती गन (पाण्याखाली भाला सोडणारी बंदूक) घ्यावी?’ त्यावर मी त्यांना उलट विचारतो, की कोणत्या पाण्यात उतरणार आहात? साहित्याची सगळी निवड या उत्तरावर अवलंबून असते.

साहित्याआधी कायद्याची चौकशी करणे आवश्यक आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोवा, आंबोलीमार्गे सिंधुदुर्ग आणि खानापूरच्या बाजूने उतरून कारवार असे तीन राज्यांचे किनारे आपल्याला जवळ आहेत, आणि प्रत्येक राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा वेगळा आहे. म्हणून ज्या किनाऱ्यावर जायचे आहे, तेथील मत्स्यव्यवसाय खात्याकडे आधी विचारावे आणि स्पष्ट होकार मिळाल्याशिवाय गन पाण्यात नेऊ नये. मालवणचा काही समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ, देवमुशी म्हणजे व्हेल शार्क आणि महाकाय गोबरा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै हा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ असतो, आणि त्या दिवसांत समुद्रही उतरण्यासारखा नसतो. मालदीवसारख्या देशात तर स्पिअरफिशिंगच निषिद्ध आहे. ऑक्सिजन किंवा हवेची टाकी पाठीवर बांधून भाला मारणे अनेक देशांत गुन्हा ठरते, आणि गुन्हा नसेल तेथेही ते करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता पाण्याकडे वळू. मालवण ते कारवार या किनाऱ्याला अनेक नद्या मिळतात, त्यामुळे पाण्यात गाळ असतो; पावसाळा सरल्यावर तो हळूहळू बसतो आणि हिवाळ्यात पाणी निवळते, तरीही अनेकदा चार-पाच मीटरपलीकडचे दिसत नाही. लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटांजवळ मात्र हेच अंतर वीस मीटरच्या वर जाते. प्रवाळाच्या कडेला तांबोशी आणि गोबरा यांसारखे मासे कपारीला धरून राहतात, तेथे जागा अरुंद असते आणि मारा जवळून करावा लागतो. खुल्या निळ्या पाण्यात तळ दिसत नाही, सुरमई आणि कुपा वेगाने येतात, दुरून वळसा घेऊन निघून जातात आणि लागल्यावर शंभर मीटर ओढून नेऊ शकतात. या दोन पाण्यांसाठी एकच संच घेण्याचा प्रयत्न केला, तर तो दोन्हीकडे अपुरा पडतो. नवशिक्याने पहिली एक-दोन वर्षे प्रवाळाच्या कडेचाच संच घ्यावा.

खरेदीचा क्रमही लक्षात ठेवावा. आधी अंगाला लागणाऱ्या वस्तू घ्याव्यात, मग बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा खुणेचा फुगा, आणि सुरी, आणि सर्वांत शेवटी गन. बहुतेक जण नेमके उलटे करतात, महागड्या गनवर सगळे पैसे घालवतात आणि गळणारा मास्क घेऊन पाण्यात उतरतात.

मास्क कमी आकारमानाचा, म्हणजे आत कमी हवा मावणारा असावा, कारण खोल गेल्यावर वाढणाऱ्या दाबामुळे मास्क चेहऱ्यावर आवळू लागतो आणि तो सैल करण्यासाठी नाकातून जी हवा सोडावी लागते, ती आपल्याच फुफ्फुसांतून जाते. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि फुफ्फुसांतली हवा निम्म्या जागेत आक्रसते, हे लक्षात घेतले की आकारमानाचे महत्त्व पटते. मास्कमध्ये नाक झाकले जाते आणि बाहेरून चिमटीत धरता येते, म्हणून कानांचा दाबही जुळवता येतो. तलावातल्या पोहण्याच्या गॉगलमध्ये हे शक्य नसते, त्यामुळे गॉगल लावून खोल बुडी कधीही मारू नये. डोळ्यांच्या रक्तवाहिन्या फुटतात. दुकानात मास्कचा पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला, तर तो आपल्या चेहऱ्याचा आहे. मिशा असणाऱ्यांना ओठावरून थोडी गळती होते, तेथे व्हॅसलिन लावून भागते. नव्या काचेवर कारखान्यातून आलेला चिकट थर असतो. पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून दोन-तीनदा धुतल्याशिवाय काच धुरकट होणे थांबत नाही.

स्नॉर्कल, म्हणजे पृष्ठभागावर तरंगताना श्वास घेण्याची नळी, साधा, झडप नसलेला घ्यावा आणि बुडी मारण्यापूर्वी तो तोंडातून काढण्याची सवय लावावी, कारण शुद्ध हरपली तर तोंडातली उघडी नळी पाण्याला वाट करून देते.

फिन्स, म्हणजे पोहताना पायांत घालायची वल्ह्यासारखी पाती, लांब पात्याच्या आणि पूर्ण पायात बसणाऱ्या असाव्यात. कार्बनची पाती हलकी आणि चपळ असतात, परंतु खडकावर आपटून तडकतात. प्रवाळाच्या कडेला उतरणाऱ्या नवशिक्यासाठी मऊ प्लास्टिकची पाती पुष्कळ झाली. कडक पात्यांनी वेग मिळतो हा समज चुकीचा आहे, कारण मांड्या दमल्या की ऑक्सिजन लवकर संपतो. पायात पातळ निओप्रीनचे (फेसाळ रबराचे) मोजे घालून माप पाहावे.

आपल्या किनाऱ्याचे पाणी वर्षातील बहुतेक काळ 26 ते 30 अंश सेल्सिअस असते, म्हणून दीड मिलिमीटरचा सूट किंवा नुसता लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोशाखही चालतो. तथापि खुल्या पाण्यात चार-पाच तास तरंगत राहायचे असेल, तर तीन मिलिमीटरचा सूट घ्यावा. उष्ण कटिबंधातही शरीर हळूहळू गार पडते आणि हे कुडकुडणे श्वास तोडते. ऊन आणि जेलीफिश यांपासून होणारे संरक्षण हा त्याचा आणखी एक लाभ आहे.

वजनाच्या पट्ट्याबाबत मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या भागातील पोहणाऱ्यांची नेमकी येथे चूक होते. पट्टा रबरी असावा, म्हणजे खोलीवर पोट आक्रसले तरी तो घसरत नाही, आणि त्याची बक्कल एका हाताच्या एका हिसक्यात सुटणारी असावी. आपण सराव गोड्या पाण्यात करतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला समुद्रात सुमारे पावणेदोन किलोची जादा उचल मिळते. बेळगावातील गोवावेसच्या पोहण्याच्या तलावात जुळवलेले वजन म्हणूनच समुद्रात कमी पडते, आणि याहून गंभीर गोष्ट अशी, की समुद्रात जुळवलेला पट्टा तसाच कमरेला बांधून कोणी हिडकलच्या जलाशयात उतरला, तर तो प्रमाणाबाहेर जड होऊन खाली जाईल. प्रत्येक नव्या पाण्यात वजन अर्ध्या-अर्ध्या किलोने नव्याने जुळवावे. पृष्ठभागावर उभे राहून साधा श्वास सोडल्यावरही डोके पाण्याबाहेर राहिले पाहिजे, आणि सुमारे दहा मीटरवर शरीर ना वर जावे ना खाली. वजन थोडे कमी असल्यास बुडी मारताना चार लाथा अधिक माराव्या लागतील एवढेच, पण जादा वजन वर येताना जीव घेऊ शकते. श्वास रोखणाऱ्यांची शुद्ध बहुधा शेवटच्या काही मीटरांत किंवा वर आल्यानंतर हरपते, आणि त्या क्षणी शरीर आपोआप तरंगले पाहिजे.

आता गनविषयी. अगदी सुरुवातीला गनही न घेता रबराच्या फाशाने चालणारा साधा लांब भाला, म्हणजे पोल स्पिअर घ्यावा, असे मी सुचवेन. त्यात घोडा नसतो, चुकून सुटण्याचा धोका कमी असतो आणि माशाजवळ शांतपणे पोहोचण्याची शिस्त लागते. त्यानंतर गन घ्यायची असेल, तर ती रबरावर चालणारी घ्यावी. हवेच्या दाबाच्या गनला दुरुस्ती आणि सुटे भाग लागतात, ते बेळगावात सहज मिळणार नाहीत.

गनची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतात, आणि ती पाण्याच्या निवळपणाशी जुळवायची असते. चार-पाच मीटर दिसणाऱ्या पाण्यात 75 ची, स्वच्छ प्रवाळाच्या कडेला 90 ची आणि खुल्या निळ्या पाण्यात 110 ते 130 ची गन योग्य ठरते. एका रबराच्या 90 च्या गनचा खरा मारा टोकापुढे साधारण तीन मीटरच असतो. शिवाय पाण्याखाली मास्कच्या काचेतून वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतरावर भासते, म्हणजे तीन मीटरवर दिसणारा मासा वास्तविक चार मीटरवर असतो, आणि नवशिक्याचे बहुतेक नेम याच कारणाने आखूड पडतात. त्यावर उपाय म्हणून लांब गन घेतली, तर ती पाण्यात आडवी फिरवताना जड जाते आणि कपारीच्या तोंडाशी तिचा उपयोग होत नाही. हलक्या नळीवर तीन-तीन रबरे लावली तर धक्क्याने तोंड वर उडते आणि नेम चुकतो. म्हणून निळ्या पाण्याच्या गन जाड, वजनदार लाकडी दांड्याच्या करतात.

गनमधून सुटणारी सळई, म्हणजे भाला, प्रवाळाच्या गनला साडेसहा ते सात मिलिमीटर आणि खुल्या पाण्याच्या गनला साडेसात ते आठ मिलिमीटर जाडीची घ्यावी. येथे उद्यमबागच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या मित्रांना एक सांगावेसे वाटते. लेथवर हात चांगला असला तरी 304 या साध्या स्टेनलेस पोलादाच्या सळईपासून भाला बनवू नये. ती मऊ असते, एका खडकावर आपटून वाकते आणि वाकलेली सळई पुन्हा सरळ जात नाही. चांगल्या सळया 17-4 पीएच या, उष्णताप्रक्रियेने कठीण केलेल्या स्टेनलेस पोलादाच्या असतात. मात्र विकत आणलेल्या सळईवरील, रबर अडकवण्याच्या खाचांची धार कानस आणि पॉलिश पेपरने मोडून घेण्याचे काम आपल्या वर्कशॉपात उत्तम होते, आणि ते करावेच, कारण ती धार रबराचा दोरा कापते. प्रवाळासाठी सळईला पुढे एकच आडवा काटा पुरतो. कुपासारख्या बलवान माशाचे मांस मऊ असते, काटा फाटून निघतो, म्हणून निळ्या पाण्यात स्लिप टिप वापरतात; ते टोक माशातून आरपार जाऊन सळईपासून सुटते आणि पलीकडे आडवे होऊन अडकते.

गन पाण्याबाहेर, होडीत किंवा किनाऱ्यावर, कधीही भरू नये, आणि भरलेल्या गनच्या सेफ्टीवर विसंबू नये. पाण्यातही तिचे तोंड सोबत्याच्या दिशेने जाता कामा नये.

दोरीची मांडणी दोन्ही पाण्यांत वेगळी असते. प्रवाळाच्या कडेला गनवरच 30 ते 50 मीटर दोरीची रील ठेवली की कपारींत लांब दोर गुंतत नाही. खुल्या पाण्यात रील कमी पडते. तेथे सळईची दोरी गनला न बांधता ताणणाऱ्या बोयादोराला जोडतात आणि त्याच्या शेवटी हवेचा मोठा, घट्ट बोया असतो. मासा लागताच गन सुटी होते आणि मासा बोयाशी झुंजून दमतो, माणूस त्या ओढीत सापडत नाही. दोर स्वतःच्या मनगटाला किंवा कमरेला कधीही बांधू नये.

बोया दोन्हीकडे हवाच, आणि त्यावर पाण्याखाली माणूस असल्याची खूण सांगणारा झेंडा हवा. मालवण, गोवा, कारवार येथे पर्यटकांच्या वेगवान बोटी सतत धावत असतात. काळ्या किंवा निळ्या सुटातले डोके त्यांना लाटांत दिसत नाही. बोया भडक नारिंगी असावा. सुरी लहान, टोकदार आणि दोन्ही हातांना पोहोचेल अशा जागी, म्हणजे पट्ट्यावर पुढच्या बाजूस असावी. दोरीत पाय गुंतल्यास ती वाचवते आणि मारलेला मासा तडफडत न ठेवता मेंदूत टोचून लगेच शांत करण्यासाठीही ती लागते. हातमोजे साधे सुती असले तरी चालतात, कारण खडकाच्या धारांशी उघड्या हाताने गाठ पडू नये; पाकटाची नांगी आणि लायनफिशचे विषारी काटे मात्र अशा मोज्यांतूनही घुसतात.

या यादीत सोबती मी वस्तूंइतकाच महत्त्वाचा मानतो. दोघांनी एकाच वेळी खाली जाऊ नये. एक खाली असताना दुसऱ्याने वरून पाहावे आणि तो वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवावी. मनगटावर बुडीची वेळ दाखवणारे घड्याळ असल्यास दोन बुड्यांमधील विश्रांती बुडीच्या किमान दुप्पट ठेवता येते. दोघांचेही श्वास रोखण्याचे आणि बचावाचे प्रशिक्षण झालेले असावे.

एवढे लांब साहित्य घाटातून नेण्यासाठी शेतीच्या पाइपलाइनचा पीव्हीसी पाइप कापून त्याला दोन्हीकडे टोपी लावावी; सळई वाकत नाही आणि बसच्या टपावरही सुरक्षित राहते. विमानात गन केबिनमध्ये नेता येत नाही, तिची सळई काढून तपासणीच्या सामानात द्यावी लागते. परत आल्यावर प्रत्येक वस्तू गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवावी. खानापूरच्या पावसात चार महिने बंद राहिलेल्या सुटाला बुरशी लागते, म्हणून तो आतून टाल्कम पावडर टाकून हवेशीर जागी टांगावा. रबरे गनवरून काढून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावीत आणि हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक रबर ताणून त्यावर बारीक तडे दिसतात का, ते उजेडात धरून पाहावे. तडे दिसले तर त्याच दिवशी ते बदलावे.