आधी समुद्राची उंची वाचा

कोकणातली कुठलीही डीईएम फाइल, म्हणजे चौकटीचौकटीने (पिक्सेलने) उंचीचे आकडे भरलेली फाइल, उघडलीत की लगेच रंग चढवू नका, हिलशेड (उजेड-सावलीने दाखवलेला उठाव) तर मुळीच काढू नका. किनाऱ्यालगत समुद्रावर टिचकी मारा आणि आकडा वाचा. समुद्रावर डेटा नसेल तर पुळणीवर मारा. शून्याच्या आसपास आला तर पुढे चला. उणे साठ-सत्तरच्या घरात आला तर थांबा. फाइल बिघडलेली नाही, फक्त तिची उंची वेगळ्या पातळीवरून मोजलेली आहे.

नवखा माणूस इथेच हमखास फसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उपग्रहाच्या हिशेबात उंची मोजतात ती गणिताने आखलेल्या लंबगोलापासून. आपण ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणतो ती पातळी साधारण जिऑइडची. हे दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसत नाहीत. भारताच्या दक्षिणेला, श्रीलंकेपलीकडच्या समुद्रात जिऑइड लंबगोलाच्या शंभर मीटरहून खाली जातो आणि त्या खळग्याचा उतार कोकणापर्यंत पोचतो. म्हणून गुहागरची पुळण लंबगोलाच्या हिशेबात साठहून जास्त मीटर ‘खाली’ असते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडेम हे डीईएम लंबगोलावरून उंची देतं. नासाचं एसआरटीएम देतं ईजीएम९६ या जिऑइडच्या मॉडेलवरून, युरोपच्या कोपर्निकसचं ३० मीटरचं डीईएम ईजीएम२००८ या नंतरच्या मॉडेलवरून. शेवटच्या दोघांतला फरक किरकोळ आहे. पहिलं मात्र त्यांच्या शेजारी तसंच जोडलंत तर सांध्यावर साठ मीटरचा कडा उभा राहतो.

मग सुचतो तो सगळ्यात वाईट उपाय: उणे आकडे चुकीचे समजून शून्य करून टाकणे. हे कधीही करू नका. खाडी, खाजण, माडाची आगरं, बंदर, म्हणजे साठ मीटरच्या आतलं सगळं कोकण त्यात सपाट होतं आणि नकाशा दिसायला स्वच्छ राहतो.

बरोबर हिशेब असा: लंबगोलापासूनच्या उंचीतून जिऑइडची उंची वजा करायची. समजा पिक्सेल उणे ५७ आहे आणि तिथला जिऑइड उणे ६५. उणे ५७ मधून उणे ६५ वजा केले की ८ मीटर. चिन्ह चुकवून बेरीज केलीत तर उणे १२२ येतील. संपूर्ण जिल्ह्याला एकच आकडा लावू नका, कारण डहाणूकडून वेंगुर्ल्याकडे येताना हा फरक बदलत जातो. जिऑइडची ग्रिड फाइल वापरा. अजून एक खोच: ती ग्रिड संगणकावर नसेल तर सॉफ्टवेअर कधीकधी काही न बोलता उंची तशीच ठेवून ‘झालं’ म्हणतं. रूपांतरानंतर तोच पिक्सेल पुन्हा वाचा. आकडा हलला नसेल तर काही झालेलंच नाही. एवढं एकदा जमलं की पुढचं बरंच सोपं आहे, घाबरायचं कारण नाही.

‘सरांनी दिलेली तयार फाइल’ हा प्रकार मात्र टाळा. तिचा डेटम (उंची कुठल्या पातळीवरून मोजली ते), आवृत्ती आणि तिच्यावर आधी काय काय केलं ते सांगता येत नसेल तर मूळ टाइल (डीईएमचा एक तुकडा) पुन्हा उतरवणं कमी वेळाचं काम आहे.

एसआरटीएमच्या एचजीटी फाइलचं नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून असतं. एन१७ई०७३ (१७ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व) मध्ये चिपळूण, दापोली, गणपतीपुळे येतात. रत्नागिरी शहर नेमकं १७ अंशाच्या रेषेवर बसलंय, त्यामुळे त्याला एन१६ची टाइलही लागते. एक सेकंदाच्या (म्हणजे साधारण ३० मीटर पिक्सेलच्या) टाइलमध्ये ३६०१ गुणिले ३६०१ आकडे, प्रत्येकी दोन बाइट, मोठा बाइट आधी. स्वतः कोड लिहून वाचताना बाइट उलटे वाचलेत तर ५ मीटरचे १२८० होतात, ते लगेच कळतं. पण जुन्या आवृत्तीतला रिकाम्या जागेचा उणे ३२७६८ उलटा वाचला की १२८ होतो, आणि १२८ मीटरचा सडा (कातळाचं पठार) कोकणात कुणालाही खरा वाटेल.

उतार काढण्याआधी फाइल यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात न्या. अख्खं कोकण त्यात बसतं. आडवं माप अंशात आणि उंची मीटरमध्ये राहिली तर सगळीकडे ८९ अंशांचे कडे दिसतात. तेव्हा रीसॅम्पलिंग (नव्या पिक्सेलांत आकडे बसवण्याची पद्धत) बायलिनियर ठेवा, निअरेस्टने हिलशेडवर पट्टे उमटतात.

आता कटू गोष्ट. ही तिन्ही डीईएम जमिनीची नाहीत, वरून दिसणाऱ्या पृष्ठभागाची आहेत. आंबा-काजूच्या बागा आणि कांदळवन त्यात उंचवटा होऊन येतात. खारभूमीचा दोन-तीन मीटर रुंदीचा बांध ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसतच नाही. एसआरटीएमची ठरवलेली अचूकता १६ मीटर होती. त्यावर ‘पाणी दोन मीटर चढलं तर’ असला नकाशा काढू नका. तालुक्याचं पाणलोट क्षेत्र, घाटाचा उतार, दृश्यरेषा यांना ते बऱ्यापैकी पुरतं.

आणि पाण्याची वाट काढण्याआधी डीईएममधले खड्डे बुजवणारं ‘फिल’चं बटण. व्हिडिओत सगळे ते डोळे झाकून दाबतात. सड्यावरच्या चिरेखाणी हे खरे खड्डे आहेत, तेही त्यात बुजतात. फिल केलेल्या फाइलमधून मूळ फाइल वजा करा, जिथे मोठा फरक दिसेल तिथे उपग्रहचित्र उघडा. खाण असेल तर मूळ उंची ठेवा. झाडांनी किंवा पुलाने अडवलेला व्हाळ (ओढा) असेल तर तेवढीच रेषा खाली कोरून पाण्याला वाट द्या.