फायटरला बाउलमधून मोठ्या टँकमध्ये हलवताना

फायटर (म्हणजे बेट्टा, आपल्याकडे सगळे फायटरच म्हणतात) नवीन टँकमध्ये सोडायला फार तर तासभर लागतो, पण तो टँक त्याला राहण्यालायक व्हायला चांगला महिना जातो, आणि मासे दगावतात ते बहुतेक वेळा हा महिना न थांबल्यामुळे. शनिवारी टँक आणला, रंगीत खडे टाकले, नळाचं पाणी भरलं, रात्री मासा सोडला आणि आठवड्याभरात मासा तळाशी पडून, हे मी खूप जणांकडे बघितलंय आणि प्रत्येक वेळी फार वाईट वाटतं, कारण त्या माणसाने पदरचे पैसे घालून माशाचं भलंच करायला घेतलेलं असतं.

दुकानात सांगतात याला ऑक्सिजन लागत नाही, बाउलमध्ये मस्त राहतो. ते अर्धंच खरं आहे. फायटरच्या डोक्यात लॅबिरिन्थ नावाचा अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन सरळ हवा घेऊ शकतो आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तग धरतो, पण त्याच्याच विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून जो अमोनिया तयार होतो त्याने त्याचे कल्ले इतर कुठल्याही माशासारखेच जळतात. मूळचा हा थायलंडकडचा, भाताच्या खाचरातल्या उथळ पाण्यातला मासा (२०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं), म्हणून टँक घेताना उंच नको, लांब घ्या. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच हा माप एका फायटरला उत्तम, साधारण ४० लिटर पाणी बसतं. अगदी कमीत कमी २० लिटर, त्याच्या खाली जाऊ नका. भरलेला टँक काचेसकट पन्नास किलोच्या आसपास जातो तेव्हा तकलादू टेबलावर ठेवू नका, आणि खाली थर्माकोलची शीट घालाच. ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या टँकच्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो जाईपर्यंत पाणी भरू नका, मग एक दिवस भरून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, कुठे गळत असेल तर ओल लगेच दिसते.

फिल्टर साधा स्पंज फिल्टर घ्या, एअर पंपवर चालणारा. पॉवर फिल्टरचा प्रवाह लांब शेपटीच्या हाफमूनला (हा फायटरचाच एक प्रकार) झेपत नाही, बिचारा दिवसभर नुसता ढकलला जातो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, कारण लाईट गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. हीटर लागतो का हे गावावर आहे, फायटरला २४ ते २८ डिग्री लागतं, मुंबईत किंवा कोकणात वर्षातले बरेच महिने त्याशिवाय भागतं पण पुणे, नाशिक, नागपूरच्या थंडीत रात्री पाणी बरंच खाली उतरतं तिथे ५० वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर हवाच. झाकण कंपल्सरी, फायटर उडी मारतो, फक्त पाणी काठोकाठ भरू नका, वर इंच-दोन इंच हवा सोडा कारण तो श्वास तिथूनच घेतो.

आता तो महिना. पाणी भरलं, अँटी-क्लोरीन टाकलं (नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतो पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं जंतुनाशक) असेल तर तो जात नाही, म्हणून टाकाच), फिल्टर चालू केला, आणि मासा नसताना रोज चिमूटभर खाणं टाकत राहा. ते कुजून अमोनिया होतो, मग स्पंजमध्ये हळूहळू एक प्रकारचे बॅक्टेरिया वाढतात जे अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, आणि मग दुसरे बॅक्टेरिया येतात जे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडं असलं तर चालतं. यालाच सायकलिंग म्हणतात. थेंब टाकून रंग बघायचं लिक्विड टेस्ट किट घ्या, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसतंय अशी स्थिती काही दिवस टिकली की टँक तयार. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय म्हणून तयार समजू नका, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. ओळखीत कुणाचा जुना निरोगी टँक असेल तर सोनं आहे, तुमचा स्पंज त्यांच्या टँकमध्ये दोन-तीन आठवडे चालवून ओलाच घेऊन या, खूप वेळ वाचतो.

याच काळात झाडं लावून घ्या, जावा फर्न आणि अनुबियास खताशिवाय कमी उजेडात जगतात, त्यातलं एखादं रुंद पान पृष्ठभागाजवळ येईल असं बांधा, फायटर त्यावर पहुडतो. देशी बदामाचं वाळलेलं पान (रस्त्याकडेला झाडं असतात तेच, पण औषध न फवारलेलं आणि स्वतःहून गळलेलं बघा) धुऊन एक टाकलं की पाणी चहासारखं पिवळसर होतं, माशाला ते आवडतं.

आता जे बहुतेक लोक करत नाहीत आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बाउलमधलं पाणी जुनं झालं की त्याचा पीएच खाली येतो, आणि कमी पीएचला अमोनिया हा अमोनियमच्या रूपात राहतो जो तेवढा घातक नाही, म्हणूनच घाण बाउलमधला मासा वरवर ठीक दिसतो. त्यात बोअरिंगचं किंवा दुसरं जास्त पीएचचं पाणी एकदम पडलं की त्याच अमोनियमचा परत अमोनिया होतो आणि मासा तासाभरात तडफडायला लागतो, मग लोक म्हणतात नवीन पाणी मानवलं नाही. म्हणून हलवायच्या आधीचा आठवडाभर रोज बाउलमधलं थोडंसं, पाव भागापेक्षा कमीच, पाणी काढून तेवढंच नवीन टँकमधलं घाला, हळूहळू, एकाच ठिकाणी न ओतता. आठवड्याच्या शेवटी दोन्हीकडचं पाणी जवळपास सारखं होतं आणि खरा धोका तिथेच संपतो.

हलवायच्या दिवशी टँकचा लाईट बंद. फायटरला जाळीने पकडू नका, शेपटी अडकून फाटते, मोठा कप पाण्यात आडवा धरून त्याला आत येऊ द्या. मग तो कप किंवा छोटी बरणी झाकून ठेवा आणि एअर पंपच्या नळीला सैल गाठ मारून टँकमधलं पाणी थेंब थेंब त्यात सोडा, पाणी दुप्पट-तिप्पट व्हायला पाऊण तास लागू दे. नंतर मासा तेवढा सोडायचा, बाउलचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

पहिले एक-दोन दिवस तो हीटरमागे लपेल, रंग फिका पडेल, अंगावर आडव्या पट्ट्या दिसतील, खाणार नाही. घाबरू नका आणि सारखं काचेवर टकटक करू नका. एक मात्र बघा, खोलीत अंधार आणि टँकमध्ये झगझगीत उजेड असेल तर काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि तो कल्ले फुलवून दिवसभर त्याच्याशी भांडत बसतो, दमून जातो, अशा वेळी बाहेरून तीन बाजूंनी साधा कागद चिकटवा आणि लाईट कमी करा. खाणं दुसऱ्या दिवसापासून, दोन-तीन दाणे, उरलं तर काढून टाका. वर फेसाचं घरटं केलं तर छान, पण ते चांगल्या पाण्याचा पुरावा नव्हे, खराब पाण्यातही नर घरटं करतात, टेस्ट किटवरच विश्वास ठेवा. टँक मोठा झाला म्हणून दुसरा फायटर किंवा गप्पी आणायची घाई नको, नर एकमेकांना मारतात आणि गप्पीच्या रंगीत शेपटीलाही तो प्रतिस्पर्धी समजतो.

पुढे दर आठवड्याला पाव ते तिसरा भाग पाणी बदला, आणि स्पंज नळाखाली कधीच धुवू नका, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. लोडशेडिंगचं गाव असेल तर फायटर वरची हवा घेऊन टिकेल पण स्पंजमधले बॅक्टेरिया ऑक्सिजनवाचून मरायला लागतात, तेव्हा एक बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा, आणि रात्रभर लाईट नव्हती तर फिल्टर चालू करायच्या आधी स्पंज पिळून घ्या, पुढचे दोन-तीन दिवस खाणं निम्मं करा आणि रोज अमोनिया तपासा.