हलत्या होडीतून खंड्याचा शार्प फोटो

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडली की चोडण बेट. धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. खारफुटीत गळ्याला पांढरा पट्टा असलेला खंड्या बसलेला दिसतो, पण होडी हलते आणि फोटोही.

तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. माझी पहिली फेरी इथेच वाया गेली: रात्रभर एसीत ठेवलेला कॅमेरा बाहेर काढला तर लेन्सवर वाफ. पुसली की पुन्हा जमायची. आता बॅग न उघडता अर्धा तास आधी बाहेर ठेवतो.

उजाडताच निघा. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते, मग लाखाची लेन्ससुद्धा लांबचा पक्षी धूसरच दाखवते.

ट्रायपॉड घरी ठेवा. पक्षी दिसताच होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगा. इंजिन चालू असताना कोपर होडीच्या काठावर टेकू नका, सगळी थरथर कॅमेऱ्यात उतरते. कोपर बरगड्यांशी घट्ट धरा.

आता शटर, म्हणजे फोटो किती वेळात टिपला जातो ते. ठोकताळा असा की ४०० मिमी लेन्सला किमान १/४०० सेकंद, कॅमेऱ्याचा सेन्सर लहान (१.५ क्रॉप, म्हणजे ४०० ची लेन्स ६०० सारखी वागते) असेल तर १/६००. होडीत मी १/१००० च्या खाली जात नाही, उडत्या पक्ष्याला १/२०००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सांभाळतं, खंड्याची हालचाल नव्हे. ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडं, नाहीतर एफ/८ पर्यंत बारीक. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता, खुशाल ३२०० वर न्या; फोटो दाणेदार होईल. दाणेदार फोटो नंतर बराच सुधारतो, हललेला नाही.

फोकस कंटिन्युअसवर (हलत्या पक्ष्यामागे सतत जुळत राहणारा) ठेवा आणि एकच फोकस-बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर धरा. कॅमेऱ्याला मोकळं सोडलं तर तो हमखास पुढची फांदी पकडतो. चोच किंचित धूसर चालते, डोळा नाही.

खंड्या मान वर-खाली करू लागला की सूर मारायची शक्यता असते. तेव्हा चार-पाच फोटो सलग घ्या. पहिल्यात बोटाचा धक्का येतो, मधला बहुधा चांगला निघतो. लगेच स्क्रीनवर डोळा मोठा करून पाहा.

आणि तो आकसून तुमच्याकडेच टक लावून बघू लागला तर होडी आणखी पुढे रेटू नका. तिथूनच काढा, फोटो कापून पक्षी मोठा (क्रॉप) घरी करता येतो.